वैशाखाची सुई

त्या पौषात निफाडच्या द्राक्षबागांत भरदुपारीही दहिवर गोठलेलंच असायचं. उत्तरेचं वारं आपली जुनी वाट सोडून थेट गोदावरीपर्यंत उतरलं होतं. तारांवर बर्फ साचून वीज गेली होती, नाशिकचा रस्ता बंद होता. आणि भाऊसाहेब बोरस्ते नुसत्या बंडीवर बागेत शेकोट्या पेटवत हिंडत होते. त्यांना कसली थंडी? त्यांनी वैशाख टोचून घेतला होता.

आता हे वैशाख टोचणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. गारठा पडला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब आत धरून ठेवतात. रक्त तेवढंच, वाट मात्र अरुंद, मग दाब चढणारच. पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवून बघा, कळेल. म्हणून तर दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून वारं जायचं. भाऊसाहेबांची भाची, डॉ. प्रणिता कुंदे, हिनं त्यावर लस काढली. 'आकसा' हा निरोप वाहिन्यांपर्यंत पोचूच द्यायचा नाही, शरीराला बारा महिने वैशाख. कागदोपत्री तिचं नाव ऋतुरोधक, पण लोकांनी तिची वैशाखाची सुई केली. हिवाळ्यातले झटके थांबले. प्रणिताला इतक्या शाली मिळाल्या की ठेवायला कपाट पुरेना. हिवाळे मवाळ होते तोवर सगळं झकास चाललं.

थंडीच्या बातम्या ऐकून प्रणिता रस्ता बंद व्हायच्या आत मामाकडे येऊन पोचली होती. त्या दुपारी तिनं पाहिलं, मामा खाटेवर पडून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते.

"मामी, मामा असे का बोलतायत?"

"दमलेत गं," ललिताबाई म्हणाल्या. "घरातलं सगळं जळण बागेत नेऊन जाळलं. घडांची काळजी, स्वतःची नाही. पण तब्येत ठणठणीत आहे. हातपाय बघ ना, कसे गरम आहेत."

आपल्याकडे माणूस जरा पडला की आधी त्याचे हातपाय चाचपतात. गार लागले तर धाबं दणाणतं, गरम लागले तर चहाचं आधण चढतं. पिढ्यान्‌पिढ्या हे चुकलं नव्हतं. ललिताबाई सकाळपासून येता-जाता नवऱ्याचे पाय चाचपत होत्या आणि निर्धास्त होत होत्या.

प्रणितानं मामांच्या काखेत हात घातला आणि तिचा चेहरा पडला.

"मामी, इथे पोटावर हात ठेवा."

पोट रांजणासारखं गार होतं.

"अगं बाई, हे काय?"

"आतली ऊब हातापायांवाटे निघून चाललीय. म्हणून ते गरम लागतायत. दारं सताड उघडी आहेत, मामी. मीच उघडलीत."

"मग लाव की. डॉक्टर आहेस ना?"

जळण संपलेलं, आणि दारं उघडी असताना नुसत्या पांघरुणानं ऊब टिकणार नव्हती. प्रणिताजवळ उतारा होता. तो टोचला की वाहिन्या पुन्हा आकसतात, पण इतक्या वर्षांच्या उघड्या वाहिन्या एका झटक्यात आवळल्या की दाब कुठल्या कुठे जातो. या वयात मेंदूची नस तो सोसत नाही. तिनं हे सगळं सरळ सांगितलं, लपवून ठेवायला तिला तोंडच नव्हतं.

"म्हणजे वारं जाईल?"

"बहुतेक. नाही दिला तर झोपेत जातील. त्रास होणार नाही."

ललिताबाईंनी खाटेकडे पाहिलं. त्यांचे सासरे वारं गेल्यावर याच खाटेवर वर्षानुवर्षं लोळत पडले होते. तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं: ललिता, माझं असं झालं तर मला ठेवू नकोस. त्यांनी मानही डोलावली होती. तेव्हा नवरा समोर धडधाकट उभा होता, मान डोलवायला काय जातं?

"वचन गेलं चुलीत," त्या म्हणाल्या. "दे तो उतारा. मला माणूस हवंय."

प्रणितानं सुई टोचली. थोड्या वेळानं भाऊसाहेबांना हुडहुडी भरली, दात वाजू लागले. उतारा लागू पडला होता. ललिताबाई रडत-हसत त्यांच्या अंगावर गोधडी घालू लागल्या, आणि तेवढ्यात भाऊसाहेबांचं तोंड एकीकडे ओढलं गेलं. उजवा हात खाटेखाली लोंबकळला. बोलायला गेले ते, पण नुसता घोगरा आवाज निघाला.

ललिताबाईंनी तो हात उचलून गोधडीत घेतला. भाऊसाहेबांनी डाव्या हातानं गोधडी ओढून खाली टाकली.

"उकडतंय का त्यांना?"

"नाही मामी," प्रणिता कशीबशी म्हणाली. "आता त्यांना थंडी कळतेय. चांगली कळतेय."

ललिताबाईंनी पुन्हा पांघरूण घातलं. थडथड कापत, बायकोच्या डोळ्यांत बघत, त्यांनी ते पुन्हा फेकलं.

मग त्या खाटेवर चढल्या. गोधडी नवऱ्याच्या गळ्यापर्यंत ओढली आणि त्यांचा तो चालता हात आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरून बसल्या.

"प्रणिता," त्या म्हणाल्या, "बांधायला काहीतरी आण."