चीर गेलेली सुरई

साल २००९, ऑक्टोबर. छुसॉकचा, म्हणजे सुगीचा सण उलटून तिसरी रात्र, सव्वाअकराची वेळ. गोष्ट संपेपर्यंत मध्ये कुणी बोलू नका. प्यो गिल्हो माझ्या ओळखीचा. गांगजिनजवळ आमच्या भट्टीवर तो भांड्यांवर क्रौंच कोरायचा, खाचेत पांढरी माती भरायचा. वरून हिरवी झिलई चढायची. हात चांगला होता, नियत नव्हती.

भट्टीचा नियम एकच. खोट निघालेलं भांडं विकायचं नाही, फोडायचं. मरणाच्या आदल्या दिवशी भट्टीचे मालक उस्ताद मा यांनी आपल्या शेवटच्या सुरईतली केसाएवढी चीर गिल्होला दाखवली आणि उद्या फोड म्हणून सांगितलं. त्याने मान डोलावली. सुरई मात्र गवतात लपवली. तिच्या बदल्यात सोलचा एक व्यापारी त्याला स्वतःची भट्टी बांधून देणार होता.

उस्ताद गेल्यावर, सणानंतरच्या त्या तिसऱ्या रात्री सुरई कापडात बांधून तो हमरस्त्याकडे निघाला. व्यापाऱ्याची गाडी तिथे थांबणार होती. वाटेत उस्तादांच्या दारात त्यांची बायको बसलेली.

"फोडलीस ना रे?"

"कधीच फोडली, माई."

"चाळीस वर्षं तो आवाज ऐकतच भात वाढलाय मी. या सुरईचा नाही आला. म्हातारी झालेय, बहिरी नाही."

तो हसून पुढे गेला.

रस्ता खापरांच्या ढिगाला वळसा घालून जातो. तिथे आवाज आला. टक्. हातोडीचा.

तो थांबला. आवाजही थांबला.

चार पावलं. टक्. आता पाठीशी.

गाठोडं जड झालं. कोपरं खाली ओढली गेली. मानेवर गार श्वास... ओल्या मातीच्या वासाचा.

"उस्ताद... एवढी एक..."

त्याने गाठोडं छातीशी आवळलं.

"माझी भट्टी, उस्ताद..."



वळणावर गाडीचे दिवे दिसत होते. शंभर पावलं. पाय उचलेना.

ढिगावर भट्टीची हातोडी पडलेली असायची. त्याने ती घेतली. सुरई दगडावर ठेवली. एकच घाव घातला. मग आल्या वाटेने पळाला.

उस्तादांच्या दारात माई आता उभी होती.

"ऐकला," ती म्हणाली. "पण दोन आले. दुसरा कसला?"

गिल्होने उजवा हात दिव्याखाली धरला. मनगट मोडून लोंबत होतं. दुखत नव्हतं. त्यावर चार बोटं आणि एक अंगठा उमटले होते, पांढऱ्या मातीचे. माती अजून ओली होती.

माईने दार लावून घेतलं.

उस्तादांचं देणं फिटलं.