चार वाजताची झेप

“पिसांचा पक्षी, नापास!” खारूताईनं वहीत फुली मारली.

“घंटीवाला चेंडू?” टाचणीनं विचारलं.

“एकदा हुंगला आणि पाठ फिरवून बसली.”

“चावीचा उंदीर?” भोंगा ओरडला.

“त्याला बघून मॅडम पलंगाखाली पळाल्या! आणि तू हळू बोल.”

मॅडम म्हणजे काकांच्या घरची करडी मांजर. खारूताई आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा सुट्टीत काकांकडे आले होते. टाचणी ही काकांची लेक. काका पुस्तकबांधणी करायचे. बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचा डबा, आणि भिंतीलगतच्या फळीवर वाळत ठेवलेली वाचनालयाची पुस्तकं. सोमवारपासून मॅडमनी त्याच फळीवर झेपा घेऊन तीन पुस्तकांचं नवं कापड ओरबाडलं होतं.

“उद्या शनिवार. उद्या ही गोदामात जाणार!” काकांनी निकाल दिला होता. “तिथले उंदीर धर म्हणावं!”

“कंटाळलीय बिचारी. खेळणी आणा तिला,” काकू म्हणाल्या होत्या. खेळणी आली, पण मॅडमना एकही पसंत पडेना. टाचणीचे डोळे सारखे भरून येत होते.

खारूताई वैतागून वहीची पानं उलटत होती. एकदम ती थबकली.

“सोमवार, चार वाजून दहा मिनिटं, झेप. मंगळवार, चार वाजून पाच, झेप. बुधवारी ढग होते, काही नाही. काल ऊन होतं, पण काका पुस्तकं पोचवायला गेले होते. तेव्हाही काही नाही!”

“मग?”

“मग ऊन हवं आणि काकाही हवेत! दोन्ही असले तरच झेप!”

चारच्या आधी तिघं टेबलाखाली घुसली. काका खिडकीशी बसले. त्यांनी पोलादी पट्टी उचलली आणि पुठ्ठा मोजायला घेतला. पट्टीवर ऊन पडलं आणि समोरच्या भिंतीवर एक झगझगीत ठिपका धावू लागला! मॅडमनी अंग चोरलं, बूड हलवलं आणि... धप्प! ठिपका निसटला. नखं पुस्तकात रुतली.

“चौथं!” काका किंचाळले.

“काका, तुमची पट्टी...”

“मध्ये बोलू नकोस!”

मोठी माणसं असं म्हणतात, पण शेवटी कधी बोलायचं ते काही सांगत नाहीत! खारूताईनं दात-ओठ खाल्ले. तेवढ्यात दारात वाचनालयाच्या बाई उभ्या राहिल्या. पुस्तकांची अवस्था बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

टाचणीनं खारूताईला कोपरखळी मारली आणि गोड आवाजात म्हणाली, “बाबा, किती फाटलंय ते बाईंना मोजून दाखवा ना! इथे, उजेडात.”

भोंग्यानं चटकन फळी रिकामी केली. काका तावातावानं पट्टी नाचवत मोजू लागले. ठिपका भिंतभर पळाला. मॅडम डावीकडे! मॅडम उजवीकडे! रिकाम्या फळीवर उडी!

बाई खो खो हसत सुटल्या. “अहो, तुम्हीच नाचवताय की तिला!”

काकांनी पट्टीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला.

“ती शिकार करतेय, काका,” खारूताई म्हणाली. “पण पंजात काहीच येत नाही, म्हणून चिडते. तिला धरता येईल असं हवं.”

तिनं भोंग्याच्या जुन्या मोज्यात कागदाची कात्रणं कोंबली, मोजा दोऱ्यानं काठीला बांधला आणि टेबलाच्या पायाआडून हळूच सरकवला. खसखस! मॅडमनी झडप घातली, मोजा दातात धरला, मागच्या पायांनी बडव बडव बडवला. मग ऐटीत अंग चाटलं आणि तिथेच झोपल्या.

“पास!” भोंगा चक्क कुजबुजला.

“शाबास रे पोरांनो!” बाई म्हणाल्या. “चष्मा लावूनही यांना आठवडाभर जे दिसलं नाही, ते तुम्ही बरोबर हेरलंत.”

काका खाकरले. “बरं बरं. गोदाम रद्द. हुशार आहात खरे.”

“आणि खेळ झाला की काठी खणात ठेवायची,” खारूताईनं बजावलं. “दोरा तिच्या पोटात गेला तर जिवावर बेतेल.”

“आता मला नियम सांगणार तू?” काका गुरगुरले, पण काठी त्यांनी स्वतः खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिघं खोलीत शिरली. पट्टी दूर सावलीत पडली होती. काका जमिनीवर पालथे पडून टेबलाआडून मोजा सरकवत होते.

“काका, हे काय चाललंय?”

“शू! मध्ये बोलू नका,” काका दबक्या आवाजात म्हणाले. “आत्ता कुठे बूड हलवायला लागलीय!”