सांताक्रूझला हरवलेला पासपोर्ट

"विमान गेलं. पुढचं परवा आहे. तेही चुकलं तर कारखाना दुसरा फिटर घेणार," रंगनाथ म्हणाला आणि नेमणुकीचं पत्र त्यानं तिसऱ्यांदा राधाकृष्ण मुळ्यांपुढे आपटलं.

नगरचे हे खासगी गुप्तहेर सकाळच्या एसटीनं राहात्याला आले होते. सोबत मित्र मच्छिंद्र मास्तर. मास्तरांना चोर नेहमी दहा मिनिटांत सापडे, आणि नेहमी चुकीचा सापडे.

रंगनाथला पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात नोकरी लागली होती. रविवारी घरची माणसं त्याला पोचवायला सांताक्रूझला गेली. विमानतळ कसला, भुलभुलैयाच. वजनकाट्याची रांग संपते तोच म्हणे लस टोचल्याचा दाखला तिकडे दाखवा. तिकडे गेलं तर म्हणे आधी फॉर्म भरा. एवढं करून रंगनाथ पोलिसांच्या टेबलाशी पोचला, तर पासपोर्टच नाही. उलट धावत आला, तर घरचं माणूस जागेवर नाही.

"शेवटचा हातात कधी होता?"

"वजनकाट्यापाशी. मग बाकावर आईनं हातावर दही घातलं, पाया पडलो आणि काचेच्या दारातून आत गेलो. दारातल्या शिपायानं तिकीटच पाहिलं."

मुंबईला फोन लावायला रंगनाथ तणतणत पोस्टात निघाला. ओसरीवर डाळ निवडणारी त्याची विधवा चुलती साळूबाई चटकन उठून दाराआड झाली. तो फाटकाबाहेर गेल्यावर पुन्हा सुपाशी येऊन बसली. मास्तरांचं लक्ष चहाकडे होतं.

आई कडूबाई विचारण्याआधीच उसळल्या. "पोराला धाडायचं माज्या मनात न्हवतं, खरं हाय. म्हनून मी त्याचं नशीब चोरंल व्हय?" तीन दिवस त्या चोराला शिव्याशाप देत होत्या. रंगनाथ आत जाताच त्या आणि पुतण्या सूर्यभान विमान बघायला जिन्याकडे धावले होते. साळूबाई बोचक्यांपाशी राहिली होती.

सूर्यभाननं त्याच नोकरीला अर्ज केला होता आणि तो नापास झाला होता. मास्तरांनी मुळ्यांना कोपरानं ढोसलं. सूर्यभान म्हणाला, "मी काकीसंगं जिन्यावर हुतो. तिथून काचंतून साळूकाकी दिसली. बाहेरच्या अंगानं पुढं पळत हुती. रंगा वळून समोर आला तशी खांबामागं झाली. रडत आसंल."

साळूबाई एवढंच म्हणाली की ती बोचकी राखत होती, मग वाट चुकली.

दुपार झाली. मुळे वैतागले होते. कोणी खोटं बोलत नव्हतं आणि पासपोर्ट मिळत नव्हता. रंगनाथ परतला; मुंबईचा फोन लागलाच नव्हता. मुळ्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"सूर्यभाननंच," मास्तर कुजबुजले.

"तो कडूबाईंबरोबर होता. मास्तर, दही कोणत्या हातावर घेतात? उजव्या. तो रिकामा करायला रंगनाथनं पासपोर्ट बाकावर ठेवला आणि पाया पडून तसाच निघाला. दारात फक्त तिकीट पाहिलं, म्हणून तिथं कळलं नाही. बाकापाशी उरल्या एकट्या साळूबाई."

कडूबाईंनी जावेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"थांबा. चोर पासपोर्ट घेऊन रंगनाथच्या दिशेनं पळत नाही. त्या द्यायलाच पळाल्या. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, म्हणून हाक मारली नाही. पुढून गाठायला बाहेरून धावल्या, आणि तो समोर येताच लपल्या. का? सकाळी रंगनाथ पोस्टात निघाला तेव्हा त्या दाराआड का झाल्या? त्याच कारणानं. निघालेल्या माणसाला विधवेनं सामोरं जायचं नाही. मागून हाक मारता येत नाही, पुढून भेटता येत नाही. मग त्या अवाढव्य जागेत वाट चुकल्या. सापडल्या तेव्हा विमान गेलं होतं, आणि इथं चोराला शाप चालले होते. मग पासपोर्ट पुढं करायचा धीर कसा होणार?"

साळूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. पासपोर्ट घामानं ओलसर झाला होता.

रंगनाथचा राग अनावर झाला. "एक हाक मारायची हुती, काकू. नुसती एक हाक."

"मारली आसती," साळूबाई म्हणाली. "आन् तिकडं परमुलखात तुला काय झालं आसतं, तर मी कुनाला तोंड दावलं आसतं?"

मुंबईची एसटी तासाभरात होती. कडूबाई उठल्या आणि रंगनाथची पिशवी त्यांनी जावेच्या हातात दिली.

"साळू, त्याच्या म्होरं चाल," त्या म्हणाल्या. "मी मागून येते."

साळूबाई फाटकापर्यंत गेली आणि सवयीनं बाजूला सरली. रंगनाथ तिच्यामागं उभाच राहिला. ती पुढं झाल्याशिवाय त्यानं पाऊल टाकलं नाही.