जाग येताना समोर कोण

निरीक्षणकक्षाचं दार ढकलून डॉ. कुमुदिनी लोंढे आत शिरल्या त्या तावातावानेच. बाहेर चंद्रपूरचा उन्हाळा पन्नाशी ओलांडून गेला होता आणि आत, काचेपलीकडे, पांढऱ्या शीतपेट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक पेटीत एक कुत्रं, नाहीतर मांजर. पेटीवर हिरवा दिवा आणि त्याखाली निद्रालयाचं ब्रीद: 'वर्षभर सुरक्षित'.

सुरक्षित म्हणे! लोंढेबाईंना ते दोन शब्द वाचले की तिडीक जायची. उन्हाळ्यात फरशी तापते, झोपवा. दिवाळीत फटाके वाजतात, झोपवा. साहेब-बाईसाहेब फिरायला चालले, झोपवा. वर्षाचे आठ-आठ महिने जनावर पेटीत आणि वर मिरवायचं काय, तर आम्ही किती काळजी घेतो. अहो, मग पाळायचं तरी कशाला? भिंतीवर फोटो लावा कुत्र्याचा. तोही सुरक्षितच राहतो.

"या मॅडम," डॉ. प्रियदर्शन गजभिये खुर्चीतून उठले. जनावरांना महिनोन्महिने झोपवून ठेवणारी ही दीर्घतंद्रा त्यांच्याच डोक्यातून निघालेली. निद्रालयाचे ते मुख्य शास्त्रज्ञ, आणि एकेकाळी पशुवैद्यक महाविद्यालयात बाईंचे विद्यार्थी. "पाणी घ्या आधी."

"पाणी राहू दे. समितीचा ठराव वाचलास तू?"

गजभियेंनी पुढे केलेला पेला परत टेबलावर ठेवला. म्हणजे वाचला होता.

शहराच्या पशुकल्याण समितीने आदल्या दिवशीच तो ठराव केला होता. निद्रालयातून उठून घरी गेलेली बरीच जनावरं आपल्या घरच्यांना ओळखेनाशी झाली होती. मालकाने हात पुढे केला की गुरगुरायची, कोपऱ्यात दबून बसायची. निद्रालयाने या प्रकाराला 'ओळख-दोष' असं गोंडस नाव देऊन हात वर केले आणि मालकांनी ती जनावरं लोंढेबाईंच्या 'आसरा' निवाऱ्याच्या फाटकाला बांधून पोबारा केला. दोन-चार महिने लळा लावला असता तर कुत्रं पुन्हा रुळलं असतं. पण एवढा दम कोणाला? आता निवाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा समितीने ठरवलं, की ओळख-दोषी जनावरं पुन्हा शीतपेटीत घालावीत. कायमची.

"मारणार नाही म्हणतात," बाई कडाडल्या, "फक्त उठवणार नाही! लाज नाही वाटत? ती जनावरं धडधाकट आहेत, प्रियदर्शन. खातात, खेळतात. त्यांचा दोष काय, ते मला नीट सांग. सगळं, पहिल्यापासून."

गजभियेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "थंड मुलखातल्या खारी हिवाळाभर तंद्रीत जातात, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या चेतातंतूंच्या फांद्या आखडतात. जोडण्या सुटतात. जाग आली की काही तासांत त्या परत वाढतात आणि जिथल्या तिथे जुळतात. खारीला ते जन्मतःच येतं. कुत्र्याला येत नाही. त्याची चालण्या-बसण्याची सवय खोल असते, ती टिकते. पण आपलं माणूस कोण, ही जोडणी नाजूक. ती सुटते ती सुटतेच."

"म्हणजे घरच्यांना विसरतो."

"जागा मोकळी होते. ती पहिल्या तासात भरते. कुत्र्याचं नाक सगळ्यात आधी जागं होतं, त्यामुळे त्या तासात जो वास नाकाशी असेल, तोच तिथे उमटतो. आम्ही त्याला गंधमुद्रा म्हणतो. म्हणून तर माझी माणसं नखशिखांत गंधरोधक पोशाखात असतात, आणि मालकाकडून आम्ही गंधवस्त्र मागवतो. त्यांच्या अंगावरचा कपडा. तो पेटीत ठेवायचा आणि मग उठवायचं."

"कपडा? माणूस का नाही बोलवत?"

"सुरुवातीला बोलवायचो, मॅडम. कोणाला तासभर वेळ नसतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काचेपलीकडे एका पोशाखधारी मदतनिसाने गंधवस्त्राची पिशवी फोडली. आतून आकाशी रंगाचा शर्ट निघाला. कडक इस्त्रीचा, बाहीला धारदार घडी असलेला. बाई काचेशी धावल्या.

"थांबव त्याला! प्रियदर्शन, हा धुतलेला आहे."

"असेल. कपडा आणा म्हटलं की आणतात."

"अरे, पण वापरलेला आणा असं सांगता ना?"

"सांगतो ना. छापूनही देतो." गजभिये बोलता बोलता थबकले. आपल्याकडे मळका कपडा परक्याच्या हातात कोण देतो? पाहुण्याकडे राहून आलं तरी माणूस अंगावरचे कपडे पिशवीत दडवून घरी आणतो. इथे तर निद्रालयासारख्या चकचकीत ठिकाणी पाठवायचा. घरातल्या बाईने तो धुवायला टाकला असणार, निळीतून काढला असणार, इस्त्रीला दिला असणार. आणि मग मोठ्या अभिमानाने पाठवला असणार.

बाईंनी साठवणीतल्या पिशव्या मागवल्या आणि एकेक फोडून नाकाशी धरली. साबण, आणि त्याच्यामागे बारीकसा कोळशाचा धूर. एकजात सगळ्यांना. विजेच्या इस्त्र्या सगळीकडे झाल्या होत्या, पण सिव्हिल लाइन्समध्ये अजून एक माणूस कोळशाच्या इस्त्रीवर अडून होता, आणि तिकडच्या साहेबलोकांना घडी त्याच्याच हातची लागायची.

"देवाजी," बाई म्हणाल्या आणि तशाच बाहेर पडल्या.

देवाजी क्षीरसागर निवाऱ्याच्या फाटकाशी आला तो बिचकतच. "काऊन बलावलं जी मले? कोनाचा कपडा जळला का?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अंगणातली कुत्री उठली. महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून बसलेली, हाताला न येणारी कुत्री त्याच्यावर तुटून पडली. कुणी त्याचे हात चाटत होतं, कुणी धोतराचा सोगा धरून ओढत होतं. सुलतान नावाचा थोराड लॅब्रेडोर तर त्याच्या पायाशी उताणा पडून रडल्यासारखा आवाज काढायला लागला. देवाजी आधी घाबरला, मग हसायला लागला आणि मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाप्पा! मी तं यायले कधी पाह्यलंबी नाही जी. मले कायले चाटून राहिले हे?"

"उठताना तुझ्या इस्त्रीचा वास त्यांच्या नाकाशी होता, देवाजी," बाई म्हणाल्या. त्यांनी सुलतानच्या डोक्यावर हात ठेवला. सुलतान त्यांच्याकडे न बघता देवाजीचा तळवा चाटत राहिला.

समितीपुढे सुनावणी झाली. गजभियेंनी सगळं कबूल केलं. जनावरं सदोष नाहीत, आम्ही त्यांना भलत्याच माणसाची ओळख करून दिली, असं ते स्वच्छ बोलले. निद्रालयाच्या संचालकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. आणि मग, बाईंना वाटलं होतं की मालक खाली माना घालतील, तर छे! तेच उलट चवताळून उठले. सगळ्यात पुढे सुहास कोतपल्लीवार, कोळसा-वाहतुकीचे मोठे कंत्राटदार. सुलतान त्यांचा.

"म्हणजे आमचा कुत्रा चांगला होता तर! आम्हाला तो परत पाहिजे. पुन्हा झोपवा आणि नीट उठवा."

"फाटकाला दोरीने बांधून गेलात तेव्हा पाहिजे नव्हता?" बाईंचा आवाज चढला. "आणि आता त्याला माणूस मिळालाय. देवाजी आहे त्याचा."

"हो का? मग तो इस्त्रीवाला लॅब्रेडोर पाळणार?" कोतपल्लीवार हसले. "त्याच्या खोलीत तो स्वतः तरी मावतो का?"

मागच्या बाकावर देवाजी बसला होता. त्याने एका शब्दाने काही मागितलं नव्हतं. तो उठला, हात जोडले आणि निघून गेला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर समितीच्या अध्यक्षीणबाई आदेश सांगत होत्या आणि तो ऐकणं भाग होतं.

आदेश असा, की सगळी जनावरं पुन्हा तंद्रीत जातील. गंधवस्त्र बंद. येत्या रविवारी प्रत्येक जनावरासाठी एका माणसाने जातीने येऊन पहिला तासभर पेटीशी बसायचं. एका माणसाला एकच जनावर. ज्याच्यासाठी कोणी येणार नाही, त्याला उठवायचं नाही. निवाऱ्यात जागा नाही आणि शहर आणखी थांबू शकत नाही.

"आणि एक घाला त्यात," कोतपल्लीवार म्हणाले. "उठताना समोर जो बसेल, तोच मालक. कायमचा. नाहीतर उद्या हा इस्त्रीवाला हक्क सांगत दारात यायचा."

"मंजूर," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

बाईंनी स्वतःच्या हाताने जनावरांना सुया टोचल्या. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. जी कुत्री कालपर्यंत देवाजीची वाट बघत फाटकाशी बसायची, ती एकामागून एक त्यांच्या मांडीवर मंदावत गेली. सुलतानच्या वेळी त्यांना रडू आवरलं नाही. यांची माणसं येतील का? एक तास. सिनेमाचा अर्धा वेळ. नाही आली, तर हे जे डोळे आपण मिटवले, ते आपणच कायमचे मिटवले असं होणार होतं. त्या विचाराने बाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी निद्रालयाच्या पायऱ्यांवर बाई उभ्या राहिल्या. एक आजी पदराने घाम पुसत रिक्षातून उतरल्या, आपल्या मांजरासाठी. एक नवराबायको आले, ओशाळलेले. मग बराच वेळ कोणीच नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. आणि मग एकदम गाड्या यायला लागल्या. एकीमागून एक, काळ्या काचांच्या, थंडगार. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. आले म्हणजे! माणसाला शेवटी माया असतेच.

गाड्यांची दारं उघडली. उतरले ते ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकाच्या बाया. कोणाच्या हातात साहेबांची चिठ्ठी, कोणाच्या हातात पट्टा.

"साहेब कुठे आहेत?" बाईंनी पहिल्यालाच अडवलं.

"मीटिंगमंदी जी," कोतपल्लीवारांचा ड्रायव्हर मुकुंदा म्हणाला. "म्हणाले, तासभर बसून ये आन कुत्रं घेऊन ये."

बाईंचा संताप अनावर झाला. स्वतःच्या कुत्र्यासमोर बसायलासुद्धा नोकर! बिल भरायला नोकर, रांगेत उभं राहायला नोकर, लग्नाचा आहेर पोचवायला नोकर, आणि आता हेही त्याच्यातच. अध्यक्षीणबाई भर सभेत मोठ्याने सांगत होत्या, तेव्हा या माणसांच्या कानात बोळे होते का?

"मॅडम," गजभिये मागून हळूच म्हणाले, "यांना परत पाठवू? मालकांना फोन करू?"

बाईंनी मुकुंदाकडे पाहिलं. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"सुलतानला फिरवायला कोण न्यायचं?" त्यांनी विचारलं.

"मीच जी. आंघोळ मीच, दवाबी मीच. तो परतल्यावर मले वयखेना, तं लय वाईट वाटलं मले. कोनाले सांगता बी येईना."

"मुकुंदा, नीट ऐक. आज तू समोर बसलास तर सुलतान तुझा होईल. साहेबांना तो ओळखणार नाही. आणि आदेशाप्रमाणे मालक तू. तो तुझ्या घरी येईल, साहेबांच्या नाही. उद्या साहेब तुझ्यावर भडकतील. नोकरीवरही बेतेल कदाचित."

मुकुंदाने हातातला पट्टा मनगटाला गुंडाळला. रांगेत मागे उभ्या असलेल्या माळ्याने आणि स्वयंपाकीण बाईनेही ते ऐकलं होतं.

"आन मी नाही बसलो तं?" मुकुंदाने विचारलं.

"तर त्याला उठवायचं नाही."

मुकुंदाने पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या. "कुठं बसाचं जी?"

बाईंनी बाकीच्यांनाही तेच समजावून सांगितलं, एकेकाला, काही न लपवता. दोघे गाडीत बसून परत गेले. बाकीचे आत आले. त्या दोघांच्या जनावरांसाठी बाईंनी निवाऱ्यातला माणूस धाडून देवाजीला बोलावून घेतलं आणि दुसऱ्या पेटीशी त्या स्वतः बसल्या. गजभिये यंत्राच्या कळेवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

"निद्रालय मला काढून टाकेल, मॅडम."

"टाकू दे. निवाऱ्यात ये, तिथे काम पडलंय. दाब कळ."

पेट्यांची झाकणं सावकाश वर गेली. वास एकमेकांत मिसळू नयेत म्हणून केलेल्या काचेच्या लहान लहान खोल्यांमध्ये माणसं जमिनीवर बसली होती, अवघडून, घामेजलेली, कोणी पाहतं का म्हणून इकडेतिकडे बघत. सुलतानची छाती एकदा हलली, मग पुन्हा हलली, आणि मग डोळे उघडायच्या आधी त्याचं नाक फुरफुरायला लागलं.

मुकुंदाच्या खिशात फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि दचकून फोन कानाला लावला.

"हो साहेब. बसलो हाय." पलीकडून कोणीतरी चिडून बोलत होतं. "नाही साहेब, आत्ताच सुरू झालं. अजून तास लागते."

त्याने फोन बंद केला, बाजूला ठेवला आणि आपला हात सुलतानच्या नाकाशी नेला.