सरळ चढणारा धूर

हे खरंच घडलेलं आहे. पुरावा मागाल तर तिर्झाकडे तो नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायची तिला सवयही नाही.

वल्हांडण या ज्यू सणाच्या आधीचा गुरुवार. इस्रायलमधलं अरावाचं वाळवंट. भर दुपार.

तिथे तिर्झाच्या मोठ्या भावाने, योतामने, मोशे प्रेषिताच्या काळातला पवित्र तंबू जसाच्या तसा उभारला होता. भाविकांच्या बसेस यायच्या. आतल्या वेदीवरचा धूप तिर्झा आपल्या प्रयोगशाळेत बनवायची. धर्मग्रंथात दिलाय तसाच, पण त्यातला एक उग्र वासाचा डिंक मुद्दाम वगळून.

कारण ग्रंथातच म्हटलंय... नुसता वास घेण्यासाठी हुबेहूब असाच धूप जो बनवेल, तो आपल्या लोकांतून तोडला जाईल.

"एवढी शिकलीस आणि घाबरतेस?" योताम चिडवायचा.

"नाही घातला तर तुझं काय अडतं?"

"लोक विचारतात, अस्सल आहे का. रोज खोटं बोलू?"

त्या दुपारी वारा सुटला होता. तिर्झा वेदीपाशी आली... आणि थबकली.

धूर सरळ वर चढत होता. काठीसारखा.

पडदे फडफडत होते. धूर हलत नव्हता.

मग तो उग्र वास आला.

"योताम, काय केलंस?"

"तुझ्या कपाटातली डिंकाची बाटली आणली. जरासाच घातला गं, माझ्या हाताने." तो हसला. "बघ, आहे ना अजून इथेच?"

तेवढ्यात यात्रेकरू आत आले. "या, पुढे या!" योतामने हात हलवला.

कुणीच वळून पाहिलं नाही.

"बाई," एका म्हाताऱ्याने तिर्झाला विचारलं, "इथे माहिती सांगायला कुणी नाही का?"

योताम त्याच्या अगदी शेजारी उभा होता.

शुक्रवारी संध्याकाळी आईने शब्बाथचे, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले. टेबलावर ताटं मांडली...

दोनच.

"आई, योतामचं ताट?"

"कुणाचं गं?"

योताम दारातच होता. "आई, पुरे थट्टा. भूक लागलीय मला."

आईने मिरच्यांच्या झणझणीत चटणीची वाटी तिर्झाकडे सरकवली. "घे. तुला आवडते ना, म्हणून मुद्दाम केली."

चटणी योतामला आवडायची. तिर्झाने ती कधी चाखलीही नव्हती.

तेव्हापासून दर शुक्रवारी तिसरं ताट तिर्झा मांडते. तो येतो. जेवतो. फक्त तिलाच दिसतो. का, ते तिला कळत नाही. बाकीचा धूप तिच्या हातचा होता, म्हणून असेल कदाचित. त्याचा आवाज मात्र आता लांबून येतो... पडद्यामागून यावा तसा.

गेल्या शुक्रवारी ताट मांडून ती दाराकडे वळली. त्याला हाक मारायला तिने तोंड उघडलं...

नाव आठवलं.

पण जरा वेळ लागला.