शुक्रवारची चाचणी

तो जिना चढून आला तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते, आणि माझ्या तोंडात कडक भाकरीचा तुकडा होता.

"टीप नंबर सात कुणी लिहिली?" त्यानं दारातूनच विचारलं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमची पाच जणांची कंपनी. दुकानदारांच्या वेबसाईट बनवतो, आणि जे आपली साईट स्वतः सांभाळतात त्यांच्यासाठी दर आठवड्याला मराठीत एक टीप टाकतो. टिपा मी लिहिते. खाली नाव मात्र कंपनीचं असतं. त्या क्षणी मला ही पद्धत फार आवडली.

"लिहिणारे जेवायला गेलेत," मी घास गिळून म्हटलं. "का हो?"

"'जे वापरात नाही ते काढून टाका.' काढलं. 'जुनं' नावाचा फोल्डर होता. आता साईटच न्हाय."

मी पाहिलं. त्याची सगळी साईट त्या 'जुनं'वरच चालत होती. 'नवं' म्हणून जे होतं, ते कुणीतरी अर्धवट सोडून गेलेलं.

"काढायच्या आधी कॉपी ठेवायची असते. आठव्या टिपेत आहे ते."

"मग आठवी सातवीच्या आधी द्यायची की!"

गिऱ्हाईक माझ्यापेक्षा बरोबर निघालं. असं वर्षातून एकदा होतं, म्हणून नोंद करून ठेवली. माणसांच्या नोंदी ठेवायची मला खोडच आहे. आमचे बसवेश सर दिवसातून अकरा वेळा 'दोनच मिनिटं' म्हणतात. शेजारच्या टेबलावरची झीनत फोनवर वेगळं हसते आणि फोन ठेवल्यावर वेगळं. आणि हा — यानं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, बाहीला ज्वारीचं भुसकट चिकटलं होतं, आणि स्क्रीनकडे बघायच्या निमित्तानं तो माझ्याकडे चारदा बघून गेला होता.

निघताना दारात थांबला. "लिहिणारे जेवायला गेलेत म्हणता... पण नववी टीप तुमच्याच स्क्रीनवर अर्धी लिहिलेली दिसती, मॅडम."

सिद्धनाथ त्याचं नाव. मंगळवेढ्याचा. घरच्या रानातली ज्वारी आणि आईच्या हातची कडक भाकरी साईटवरून विकायचा. थंडीत हुरड्याला येणाऱ्यांची नोंदणीही त्यावरच. साईट पुन्हा उभी करायला मला तीन आठवडे लागले. त्यात तो तीनदा आला. दोनदा फोनवर भागलं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

साईट ताब्यात देताना मी त्याला अकरावी टीप शिकवली. "दर शुक्रवारी आपल्याच साईटवरचा संपर्काचा फॉर्म भरायचा. निरोप आपल्यालाच येतो का, बघायचं. नाहीतर गिऱ्हाईक लिहीत बसतं आणि आपल्याला पत्ता नसतो."

"काय लिहू?"

"एबीसी, एबीसी लिहू नका. खऱ्या माणसासारखं, मराठीत, चार ओळी. मनात येईल ते."

"मनात येईल ते?" त्यानं पुन्हा विचारलं. उगाच.

"आणि बटण दाबल्यावर ही ओळ दिसली पाहिजे — 'तुमचा निरोप पोचला.' दाबणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नसतं."

"लई काळजी करता हो, दाबणाऱ्याची."

मी मान खाली घालून बारावी टीप लिहायला घेतली. एक शब्द सुचेल तर शपथ.

आता माझी चूक. फॉर्म चालतो का बघायला मी त्यात माझा ईमेल पत्ता घातला होता, म्हणजे प्रत्येक निरोपाची एक प्रत मला यावी. साईट ताब्यात देताना आपला पत्ता काढून घ्यायचा, हा आमच्याकडचा नियम. मी विसरले. गिऱ्हाइकांचे निरोप त्याच्या फोनवर जात होते, त्यांची गरज मला नव्हती. पण शुक्रवारी सकाळी एक आला —

'टेस्ट. ज्वारी चांगली हाय. साईट बी चांगली हाय. साईट बांधणारी...'

पुढं काहीच नाही. नुसती तीन टिंबं. त्या तीन टिंबांकडे मी चहा गार होईपर्यंत बघत होते.

पहिल्या शुक्रवारी ती चूक होती. दुसऱ्या शुक्रवारपासून तिला चूक म्हणता येणार नाही.

'टेस्ट. आज सोलापुरात काम होतं. शुक्रवार पेठेतनं तीनदा गेलो. काम पेठेत नव्हतंच.'

'टेस्ट. हुरडा संपत आला. चाळीस पाव्हणे येऊन गेले. ज्याला बोलवायचं होतं त्याला बोलवायला तोंड उघडलं न्हाय.'

फोनवर मात्र साहेब एकदम सरळ. "मॅडम, फोटो लवकर उघडत न्हाईत." मी फोटो लहान कसे करायचे ते सांगायची, आणि मनात म्हणायची, अरे, विचार की. रानात आगटी पेटलेली असेल, कोवळी कणसं भाजून कुणीतरी तळहातावर चोळत असेल, बोटं काळी होत असतील... आणि मी इथं पंख्याखाली शुक्रवारची वाट बघत.

एकदा राहवलं नाही. "हुरडा संपला का हो?"

"संपला. का?"

"सहजच."

फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. त्याच्या हातातले पत्ते मला दिसत होते आणि माझे मी झाकून बसले होते. झीनतला सांगितलं, तर ती म्हणाली, "रेश्मा, ये तो चोरी है. काढ तो पत्ता."

"काढला तर शुक्रवारी काय वाचू?"

"और उसको पता चला तो?"

चौथा शुक्रवार.

'टेस्ट. टेंभुर्णीचं स्थळ आलंय. आई म्हणती रविवारी बघून येऊ. मन न्हाय म्हणतंय, पर कुणाच्या भरवशावर न्हाय म्हणू? हितं लिहितो कारण हितं कुणी वाचत न्हाय.'

शेवटचं वाक्य मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचवेना.

त्याच दुपारी मी माझा पत्ता काढून टाकला. मग त्याच्याच साईटवर गेले आणि फॉर्म भरला. नाव: रेश्मा. विषय: माझी चूक. 'तुमचे चारही निरोप मला येत होते. पहिला चुकून आला. बाकीचे मी येऊ दिले. आता पत्ता काढलाय, यापुढं दिसणार नाहीत. मी वाचायला नको होते. पण वाचले नसते तर मला शुक्रवार आवडायला लागला नसता. स्थळ बघायला जायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त इथं कुणी वाचत नाही, असं समजून ठरवू नका.'

बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली — 'तुमचा निरोप पोचला.' मीच लिहिलेली ओळ. मशीनकडे पोचला, एवढाच तिचा अर्थ. पुढं माणसानं काय केलं ते ती सांगत नाही. इतकी कोरडी ओळ मी लिहिली कशी!

शनिवार गेला. फोन नाही. रविवारी आईनं दुपारी पोहे केले आणि मला ते खाववेनात. टेंभुर्णीत आत्ता कुणीतरी अशाच बशा फिरवत असेल... तो कुठला शर्ट घालून गेला असेल? बाहीवरचं भुसकट झटकलं असेल का कुणी?

सोमवारी मी सोळावी टीप लिहायला बसले. चार वेळा खोडली. दुपारी बसवेश सरांनी कंपनीच्या साईटवर आलेले निरोप उघडले. ते आम्हा पाचही जणांना येतात, तरी मोठ्यानं वाचायची त्यांची सवय.

"नाव, सिद्धनाथ. गाव, मंगळवेढा. विषय, टीप अकरा." सरांनी चष्मा सारखा केला. "'टेस्ट. तुमच्या रेश्मा मॅडमनी माझे निरोप न विचारता वाचले. लई राग आला. शनिवारी दिवसभर राग केला. रविवारी टेंभुर्णीला न्हाय म्हणून कळवलं, मग आईचा राग झाला...' अगं, हे काय आहे रेश्मा?"

"वाचा सर," झीनत म्हणाली. "दोनच मिनिटं."

"'आता हा निरोप पाच जणांत लिहितो, म्हंजे कुणाला चोरून वाचायला नको. हुरडा संपला. ज्वारीची काढणी हाय पुढल्या आठवड्यात. मॅडम बघायला येतील का? तारीख त्यांनी सांगावी. बटण दाबलंय. खाली उभा हाय. दाबणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, असं तुमच्याच मॅडमनी शिकवलंय.'"

सर वाचायचे थांबले तेव्हा मी गॅलरीत होते.

खाली, रसवंतीच्या सावलीत, तो फोनवर डोळे लावून उभा होता. त्याच्या स्क्रीनवर माझीच कोरडी ओळ असणार. तो वर बघतच नव्हता... आणि मला त्याच्या डोक्यातलं एक भुसकट दुसऱ्या मजल्यावरून दिसत होतं.

"अहो!" मी ओरडले. रसवाल्यानं यंत्र थांबवलं. सगळी गल्ली वर बघायला लागली.

त्यानंही वर बघितलं.

"पोचला," मी म्हटलं. "निरोप पोचला."

"आन् उत्तर?"

"काढणी किती तारखेला आहे?"

"तुमी येशीला त्या तारखेला."

"मग शुक्रवारी ठेवा की," मी म्हटलं, आणि जिन्याकडे वळले. चपला घालायच्या राहूनच गेल्या.