आठ तुकडे, सात दिवस

"एवढीशी गोळी… आणि हिचे चार भाग करा म्हणे! फळी असती तर डोळे मिटून केले असते."

तो स्वतःशीच कुरकुरत होता. पण आमच्या औषधाच्या दुकानाचा काउंटर इतका अरुंद, की पलीकडच्याने मनात काही म्हटलं तरी ऐकू यावं. त्याच्यापुढे कागदाची एक पुडी उघडी होती. तिच्यात पांढरा चुरा आणि गोळीचा एक केविलवाणा तुकडा.

"कशाने कापलीत?" मी विचारलं.

"पटाशीने."

"आणि बाकीची गोळी?"

"उडाली. कारखानाभर शोधली."

मी हसू दाबलं. फारसं दाबलं गेलं नाही.

तो मागच्या गल्लीत खुर्च्या करायचा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस. कपाळ मागे मागे चाललेलं, आणि उरलेल्या केसांना तो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अशी काही कसरत करायला लावायचा, की बघणाऱ्याला त्या केसांचीच दया यावी. वर त्यांत लाकडाचा भुसा.

केस गळायचे थांबावेत म्हणून डॉक्टरांनी त्याला गोळी दिली होती. लहान मात्रेची गोळी आमच्याकडे फक्त मोठ्या कंपनीची यायची, आणि ती महाग. तेच औषध पाचपट मात्रेत, जेनेरिक, अगदी स्वस्त. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: मोठी गोळी घ्या, चार भाग करा, रोज एक.

"पाचपट आहे, तर पाच भाग का नाही?" मिस्त्रीने विचारलं.

"करून दाखवा पाच. मग बोलू."

तो पुडी मिटायला लागला. मग हळूच म्हणाला, "पण मॅडम… ही बिननावाची, ती नावाची. खरंच फरक नाही?"

"औषध तेच. डबा वेगळा. खुर्चीवर नाव कोरलं नाहीत, तर बसणारा पडतो का?"

"माझ्या खुर्चीवरून कुणी पडत नाही," तो एकदम ताठ झाला.

"मग झालं तर."

मी गोळी कापायची डबी काढली. गोळी पात्याखाली ठेवून झाकण दाबलं… टक्. दोन. पुन्हा टक्. चार. तुकडे बोटाने सारखे करून मी त्याच्यापुढे सरकवले. तो तुकड्यांकडे बघत नव्हता. माझ्या बोटांकडे बघत होता.

"सगळ्या गोळ्या एकदम कापून ठेवू नका," मी म्हणाले. "तुकड्यांना हवा लागते. दर शनिवारी दोन घेऊन या, मी कापून देत जाईन."

हवा लागते हे खरंच आहे. महिनाभरात काही जग बुडत नाही, हेही खरं आहे; ते मी सांगितलं नाही.

तो दर शनिवारी दुपारी यायला लागला, गर्दी ओसरली की. दोन गोळ्यांचे आठ तुकडे, आणि आठवडा सातच दिवसांचा. पहिल्याच शनिवारी तो आठव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा जास्तीचा."

"असू दे. एखादा उडाला तर?"

"आता नाही उडवत."

"मग पुढच्या शनिवारी उशीर झाला तर?"

"उशीर?" तो म्हणाला, "मी सकाळपासून घड्याळ बघत असतो…" आणि मग पुडी इतकी घट्ट बांधली, की घरी सोडवताना त्याला पुन्हा पटाशीच लागली असणार.

वहिनी गल्ल्यावर बसायची. हात नोटांवर, कान आमच्याकडे. "मिस्त्रींचे केस वाढतायत की नाही देव जाणे," ती म्हणायची, "फेऱ्या मात्र वाढल्यात." मी लटकंच रागवायचे. पण शनिवारी केस धुवायला मीही लागले होते.

इथे एक सांगायला हवं. सात वर्षांचा संसार मोडून मी दादाच्या दुकानात आले होते. तो का मोडला, हे आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. त्याला 'ते' म्हणत. पुढे दोन स्थळं आली. 'ते' कळलं आणि चहाचे कप अर्धे ठेवून उठली. तेव्हापासून वहिनीने ठरवून टाकलं होतं, "आधी जमू दे, मग सांगू." त्या दोन स्थळांचं मला काहीच वाटलं नव्हतं. मिस्त्री उठून गेला असता, तर वाटलं असतं.

एकदा तो सांगत होता, "लहान मुलांच्या खुर्च्या करायला मला फार आवडतं. पाय जमिनीला टेकले ना, की कशी राजासारखी बसतात…"

"मिस्त्री, पावती!" वहिनी गल्ल्यावरून जवळजवळ ओरडलीच. माझी गोळी तिरकी कापली गेली.

चार महिने असे गेले. मग एका शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. मी ती डबी उगाच तीन-तीनदा पुसली.

तिसऱ्या शनिवारी तो आला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती महागडी द्या. लहान. न कापायची."

मला झोंबलं. "का? जेनेरिकवरचा विश्वास उडाला, की माझ्यावरचा?"

त्याने खिशातून डब्यातलं पत्रक काढलं आणि काउंटरवर पसरलं. "एवढं बारीक अक्षर. दोन दिवस लागले वाचायला, आणि बाकीचे तुमच्यापुढे यायचा धीर करायला." एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "ज्या बायकांना दिवस जाऊ शकतात, त्यांनी मोडलेल्या गोळीला हात लावू नये. पोटातल्या बाळाला धोका असतो. आणि मी चार महिने तुमच्याकडून… उघड्या हातांनी… तुम्हाला तर हे माहीत असणार, मॅडम!"

"अहो, हात धुते की ती!" वहिनी मध्येच म्हणाली. "साबणाने. दोनदा!"

"तरी नको." त्याचे कान लाल झाले. "उद्या तुम्हाला… म्हणजे आपल्याला… माझ्या टकलापायी बाळाला काही झालं तर? महाग तर महाग. मॅडम, मला तुमच्याशी लग्न करायचंय. चार महिने तेच सांगायला येतोय, आणि गोळ्या कापून घेऊन परत जातोय."

वहिनीचे डोळे मला ओरडून सांगत होते, हो म्हण, हो म्हणून टाक. किती सोपं होतं! एक शब्द, आणि मी गोळीच्या चुऱ्यालासुद्धा शिवू नये म्हणून जपणारा हा माणूस माझा. मग तो दर महिन्याला वाट बघेल. तोंडाने काही विचारणार नाही. मी दर महिन्याला त्याचं ते न विचारणं बघत राहीन…

"मिस्त्री," मी म्हणाले, "ते पत्रक मला पाठ आहे. मी हातमोजे घातले नाहीत, कारण ती ओळ माझ्यासाठी नाही."

"अगं—" वहिनी म्हणाली.

"मला मूल होणार नाही. सात वर्षं सगळे उपाय करून झाले. दोष माझ्यात आहे, आणि माझं लग्न त्याच्यावरूनच मोडलं."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. मला त्याला जाताना बघायचं होतं, नीट.

त्याने पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली, पण तो जागचा हलला नाही.

"मला मूल हवं होतं," तो अखेर म्हणाला. "खोटं नाही बोलणार. पण ते तुमचं-माझं हवं होतं. तुम्हाला सोडून नुसतं मूल… असं कधी माझ्या डोळ्यांपुढे आलंच नाही."